चौदा मिलिमीटर

शाळेच्या सभागृहात शिरताना मिस्त्रींनी सगळ्यात आधी काय केलं, तर दाराची चौकट अंगठ्याने दाबून पाहिली. ही त्यांची जुनी खोड. दवाखान्यात जा, बँकेत जा, कोणाच्या घरी लग्नाचं बोलायला जा, आधी चौकट आणि मग माणसं. "बरी आहे," ते म्हणाले. मिस्त्रींच्या तोंडचं 'बरी' म्हणजे तुमच्याआमच्या तोंडचं 'झकास' समजायचं. त्याच्या वरचा शब्द त्यांच्याकडे नव्हताच, किंवा असलाच तर आजवर कोणी ऐकलेला नव्हता.

आज स्वारी खुशीत होती. दोन वर्षांपूर्वी याच माणसाने घर डोक्यावर घेतलं होतं. नातीने शाळेत 'कला, हस्तकला आणि डिझाइन' हा विषय निवडला, तेव्हा. "घरात फर्निचरचं दुकान असताना पोरगी शाळेत सुतारकाम शिकायला जाणार? उद्या पोहायला शिकवणी लावून कोरड्या खोलीत जाईल." महिनाभर हे एकच वाक्य नाश्त्याला, जेवणाला आणि चहाला वाढलं जात होतं. आणि आज? आज कडक इस्त्रीचा शर्ट घालून, सकाळी सातपासून तयार होऊन बसले होते. स्टूल टेम्पोत चढवताना कांबळ्यात गुंडाळायचं कामही त्यांनी कोणाला करू दिलं नाही.

स्टूल नातीचं. नातीला घरात सगळे पाचर म्हणतात. दोन वर्षांची असल्यापासून कोणीही दोघं शेजारी बसली की ही मधे घुसायची आणि घट्ट बसायची, हलायचीच नाही. नाव मिस्त्रींनीच ठेवलं. आता ती सोळाची झाली, दोन वेण्यांची एक वेणी झाली, नाव मात्र तेच राहिलं.

सभागृहात वीसेक पांढरे चौथरे मांडले होते आणि प्रत्येकावर एकेका मुलाचं वर्षभराचं काम. कोणाचा दिवा, कोणाची दप्तराला जोडायची छत्री, एकाने तर एका हाताने उघडता येईल असा डबा केला होता. विषय सगळ्यांना एकच होता: एक माणूस निवडा, त्याची एक अडचण शोधा आणि तिच्यावर एक वस्तू करा. बाहेरून आलेले परीक्षक दहाला सुरुवात करणार, एकेकाला दहा मिनिटं. पाचरचा नंबर पंधरावा. या गुणांवर पुढच्या डिझाइन शाळेतला तिचा प्रवेश अडकला होता, आणि त्यात काम स्वतःचं असणं ही पहिली अट होती.

पाचरने निवडलेला माणूस म्हणजे तिची आत्या, मिस्त्रींची थोरली. शिवणकाम करते. सहा वर्षांपूर्वी जिन्यावरून पडली तेव्हापासून तिचा डावा गुडघा वाकत नाही. डावा पाय लांब सोडून, उजव्या पायाने मशीन चालवत ती दिवसाचे आठ तास बसते.

"आत्या, परीक्षकांसमोर तुला बसून दाखवायचंय," पाचर भिंतीवर शेवटचा कागद टाचत म्हणाली. तोंडात चार टाचण्या होत्या. "एकदा बसून बघ ना आधी. हसू नकोस फक्त. तू हसलीस की मला पण येतं."

"मी कशाला हसू? मी काय पहिल्यांदा बसतेय?" थोरली म्हणाली आणि बसली.

आणि हसली नाही.

माणूस डोळे मिटून स्वतःची चप्पल ओळखतो, तसं थोरलीला बसताक्षणी कळलं. हे ते स्टूल नव्हे. लाकूड तेच, बैठकीचा खोलगटपणा तोच, पण अंग उजवीकडे बुडत होतं आणि डाव्या खुब्यात तीच ओळखीची कळ उठली. वर्षभर ती या पोरीच्या सात पुठ्ठ्याच्या स्टुलांवर बसली होती. पोरगी शेजारी मोजपट्टी घेऊन उकिडवी बसायची आणि विचारायची, आता कुठे दुखतंय, आता? सहा वर्षांत घरातल्या एकाही माणसाने तिला हे विचारलं नव्हतं. दुखतंय का, असं विचारायचे सगळे, आणि ती नाही म्हणायची. पण कुठे, असं फक्त हिने विचारलं. गेल्या आठवड्यात खऱ्या लाकडाच्या स्टुलावर ती दोन तास बसली, तीन पोलकी शिवून उठली, तेव्हा तिच्या लक्षात आलं की कळ आलीच नव्हती. त्या दिवशी ती न्हाणीघरात जाऊन रडली होती, हे आपलं तुम्हाला म्हणून सांगतो.

"काय झालं?" पाचरने टाचण्या तोंडातून काढल्या.

"काही नाही गं." थोरली उठली. तिने भावाकडे पाहिलं. "धाकट्या, जरा इकडे ये. हे बघ जरा."

धाकटा म्हणजे पाचरचा बाप. पंचेचाळिशीला आला, कानशिलं पांढरी झाली, तरी दुकानात येणारा प्रत्येक जण त्याला धाकटाच म्हणतो. त्याने स्टूल उलटं केलं, पायांच्या तळाशी पाहिलं आणि कडांवरून बोट फिरवलं.

डाव्या दोन पायांच्या तळाच्या कडा पॉलिश पेपरने गोल केल्या होत्या, जरा हळुवार हाताने, पाचर करते तशा. उजव्या दोन पायांच्या कडा पटाशीच्या एकाच फटक्यात मोडलेल्या होत्या. चारी बाजूंना, सारख्या, केसाचाही फरक नाही. त्यावर तेल लावून नवा काप जुन्यासारखा दिसेल अशी काळजीही घेतली होती. जगात हा फटका मारणारा एकच हात धाकट्याला माहीत होता. पण ते पाहून तो दचकला, त्याचं कारण वेगळं होतं.

मिस्त्रींच्या दुकानाची एक रीत आहे. कोणीही केलेली वस्तू मिस्त्रींनी हात फिरवल्याशिवाय बाहेर जात नाही. हात फिरवणं म्हणजे तपासणं नव्हे. कारागीर जेवायला गेला की मिस्त्री मुकाट्याने त्याचं काम सोलतात, घासतात, सरळ करतात आणि कोणालाही एका शब्दाने सांगत नाहीत. गिऱ्हाईक खूश, कारागीर खूश. एकोणिसाव्या वर्षी धाकट्याने पहिलं लिहायचं टेबल केलं. त्याचा खण असा सरकायचा की बघणारे पुन्हा पुन्हा उघडून पाहायचे. अकरा वर्षं त्या खणावर तो छाती काढून चालला. मग एकदा जुन्या पॉलिशवाल्याने बोलता बोलता सांगून टाकलं की तो खण मिस्त्रींनी नवा करून घातला होता. त्या दिवसापासून आपण केलेलं कुठलं काम आपलं आणि कुठलं बापाचं, याचा धाकट्याला पत्ता लागेनासा झाला. त्याने विचारलंही नाही. आमच्या घराण्यात विचारायची पद्धत नाही.

"बाबा," त्याने आवाज शक्य तितका खाली ठेवला, "तुम्ही यावर हात फिरवलात?"

मिस्त्री तेव्हा शेजारच्या चौथऱ्यावरच्या दिव्याचा सांधा बघत होते. "हो, मग?" ते आले. चेहऱ्यावर अगदी समाधान. "काल दुपारी. पोरगी पेपरला गेली होती. म्हटलं बघावं एकदा. लेव्हल ठेवली तर बुडबुडा पार कोपऱ्यात जाऊन बसलेला. उजवीकडे चांगलं बोटभर उंच. परक्या माणसासमोर तसंच जाऊ द्यायचं? आपल्या दुकानाचं नाव आहे." मग त्यांना नातीची दया आली असावी, कारण ते पुढे म्हणाले, "बाकी काम बरं आहे. सांधे बरे आहेत."

बरे. दोनदा. दुसऱ्या कुठल्याही दिवशी पाचरने हे ऐकून उडी मारली असती.

"आजोबा," ती म्हणाली, "ते तसंच होतं."

"कसं तसंच?"

"मुद्दाम. उजवीकडे चौदा मिलिमीटर उंच. आत्या शिवताना नेहमी उजव्या बाजूखाली कापडाची घडी घालते ना, ती मी मोजली होती. दाबल्यावर चौदा भरली. तेच तर आहे सगळं." तिने भिंतीकडे हात केला. तिथे कापडाच्या घडीचं चित्र होतं, बाजूला बाण होता आणि बाणावर भल्या मोठ्या आकड्यात चौदा लिहिलं होतं. "तेच तर माझं डिझाइन आहे."

मिस्त्रींनी भिंत पाहिली. मग आपल्या लेकीला पाहिलं. साठ वर्षं लाकूड बघितलेला माणूस, सहा वर्षं लेक त्याच्या समोर घडी घालून बसत होती, आणि ती घडी त्यांनी पाहिली नव्हती. निदान पाहून तिचा अर्थ तरी लावला नव्हता.

"मला सांगायचंस तरी," ते म्हणाले.

"सांगितलं असतं तर तुम्हीच करून टाकलं असतंत."

हे खरं होतं.

इतका वेळ गप्प असलेली पाचरची आई पुढे झाली. ती रुग्णालयात परिचारिका आहे. रक्त बघून डोकं शांत ठेवायची तिला सवय, आणि घरातही ती तेच करते. "सगळ्यांनी आवाज खाली करा," ती म्हणाली. "परीक्षक अजून पाचव्या मुलापाशी आहेत. त्यांना काय कळणार आहे? ताई बसतील, छान आहे म्हणतील. स्टूल सरळ आहे, सुंदर आहे. पाचर, तू चौदाचं काही बोलू नकोस, तेवढा कागद काढून टाक. वर्षभराची मेहनत आहे बाळा."

"वहिनी, मी खोटं बसू?" थोरली म्हणाली.

"दहा मिनिटं, ताई. तिच्यासाठी."

"तिच्यासाठी मी जन्मभर बसेन. पण तिने मला काय विचारलं होतं माहितीये? कुठे दुखतंय. आता मी तिथे बसून दुखत नाही म्हणू?"

"बरोबर आहे ताईचं," धाकटा म्हणाला.

बायकोने त्याच्याकडे असं पाहिलं की दुसरा कोणी असता तर काढता पाय घेतला असता. "तुम्हाला आत्ता बाबांवरचा राग काढायचाय. पोरीच्या परीक्षेवर कशाला काढताय?"

तेही खरं होतं. धाकट्याच्या तोंडाशी पंधरा वर्षं साठवलेलं वाक्य आलं होतं, खणाचं. ते त्याने गिळलं. 

पाचर मात्र कोणाचंच ऐकत नव्हती. ती स्टुलाकडे बघत होती. तिला रडू येत होतं आणि त्याहून जास्त राग येत होता, आणि त्या दोन्हींच्या खाली एक लाजिरवाणा विचार होता. स्टूल आता जास्त सुंदर दिसत होतं. आजोबांनी कापलेले पाय तिच्या पायांपेक्षा कितीतरी सफाईदार होते. परीक्षक खूश होतील. आई म्हणते ते चालून जाईल. आणि मग पुढच्या शाळेत, त्याच्या पुढे, केव्हाही कोणी म्हणालं की वा, काय काम आहे, तर तिला ठाऊक असेल की ते आजोबांचं आहे. पप्पांकडे पाहिल्यावर हे काय असतं ते तिला न सांगता कळत होतं.

"आत्याला बसता येत नसेल तर ते स्टूल कसलं," ती म्हणाली. "मी बाईंना सांगते."

"थांब, मी सांगतो," मिस्त्री म्हणाले.

"नको. काम माझं आहे."

आणि गेली. मागून चौघंही गेली, अर्थात. आमच्याकडे एक माणूस कुठे गेला की बाकीचे मागे राहत नाहीत.

हस्तकलेच्या बाई कार्यशाळेच्या दाराशी उभ्या होत्या. बुटक्या, केसांत पेन्सिल खोचलेली, हातावर रंगाचे डाग. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, मधे एकदाही बोलल्या नाहीत. मग घड्याळ पाहिलं. दहा पन्नास.

"दोन रस्ते आहेत," त्या म्हणाल्या. "जसं आहे तसं ठेव आणि प्रकल्पाच्या वहीत लिही की कोणी काय बदललं. गुण जातील, पण काम मोजलं जाईल. किंवा आत्ता, माझ्यासमोर, तू स्वतः दुरुस्त कर. वहीत तर लिहायचंच. तुझा नंबर यायला दीड तास आहे."

"कापलेलं परत कसं लावणार?" पाचरची आई म्हणाली.

"लावता येतं," मिस्त्री म्हणाले, आणि त्यांचा आवाज एकदम जिवंत झाला. "खालून जोड द्यायचा, खुंटी मारून. पंधरा मिनिटांचं काम आहे. पटाशी द्या इकडे."

"नाही," पाचर म्हणाली.

"अगं, मीच बिघडवलंय ना? मीच—"

"आजोबा, हात लावायचा नाही."

घरात मिस्त्रींशी असं कोणी बोललेलं नव्हतं. त्यांच्या बायकोनेसुद्धा नाही, आणि ती बाई काही ऐकून घेणाऱ्यांतली नव्हती.  मिस्त्रींनी पुढे केलेला हात तसाच राहिला, मग खाली आला.

"बोलायचं तरी?" त्यांनी विचारलं.

"बोलायचंही नाही," बाई म्हणाल्या. "काम करणाऱ्याला कोणी सुचवायचं नाही, हा मुलांचा नियम सगळ्यांना आहे."

मग मिस्त्री भिंतीकडेच्या बाकावर बसले आणि दोन्ही तळवे मांडीखाली दाबून घेतले.

पुढचा पाऊण तास त्यांनी कसा काढला हे त्यांनाच माहीत. पोरीने आधी काय केलं, तर कागद काढला. लाकडाला हात नाही, हत्याराला हात नाही, कागदावर पाय काढला, खुंटी काढली, मापं लिहिली. वेळ जातोय, मिस्त्रींच्या जिभेवर आलं. मग तिने टाकाऊ तुकड्यांच्या खोक्यातून लाकूड निवडलं, आणि निवडलं ते काळपट, स्टुलाच्या फिक्या लाकडाच्या शेजारी नजरेत भरेल असं. अगं बाई, जोड लपवायचा असतो, दाखवायचा नसतो. मिस्त्रींनी डोळे मिटून घेतले. उघडले तेव्हा ती करवत टेकवत होती आणि चुकीच्या बाजूने टेकवत होती. रेघेच्या आतून कापलं की करवतीच्या पात्याची जाडी जाणार आणि चौदाचे साडेबारा होणार. त्यांच्या मांडीखालचे हात वळवळले. धाकट्याने शेजारून बापाच्या दंडावर हात ठेवला. रागाने नव्हे, नुसता ठेवला.

पाचर थांबली. करवत उचलली. रेघेकडे मान वाकडी करून पाहिलं, मोजपट्टी लावली, आणि करवत पलीकडच्या बाजूला टेकवली.

मिस्त्रींनी इतका मोठा श्वास सोडला की बाईंनी वळून पाहिलं.

तिला कळलं. कोणी न सांगता कळलं. आजवर दुकानात जी जी चूक होणार होती ती त्यांनी होण्याआधी पकडली होती, किंवा झाल्यावर गुपचूप पुसली होती. चूक करणारा पुढच्या क्षणी स्वतः थांबला असता का, हे बघायला ते कधी थांबलेच नव्हते. हे त्यांना त्या बाकावर बसून कळलं, सत्तराव्या वर्षी, आणि आवडलं नाही.

पायांच्या तळाला गिरमिटाने भोकं पाडून झाली, खुंट्या बसल्या, सरस लागला, शिकंजे आवळले गेले. पाचरने कपाळ पुसलं तर कपाळाला भुसा लागला. "आता अर्धा तास धरू द्यायचं," ती बाईंना म्हणाली.

त्या अर्ध्या तासात करायला कोणालाच काही नव्हतं. थोरली आणि पाचरची आई बाहेर चहा शोधायला गेल्या, एकीच्या हातात दुसरीचा हात. भांडण मिटवायची त्यांची हीच तऱ्हा. बाकावर बाप-लेक उरले.

"तुझ्या त्या टेबलाचा खण," मिस्त्री समोर बघत म्हणाले.

धाकट्याने मान वळवली.

"तो मी बदलला होता."

"माहितीये मला."

"कधीपासून?"

"पंधरा वर्षं झाली."

मिस्त्रींनी शिकंज्यांकडे नजर वळवली. "जुना चालला असता," ते म्हणाले.

"बाबा, तो अडकत होता."

"थोडा अडकत होता. पण तुझा होता." त्यांनी घसा खाकरला. "घासून घासून झाला असता नीट. तूच केला असतास."

धाकटा उठून खिडकीपाशी गेला आणि बराच वेळ बाहेरचं मैदान बघत राहिला. मैदानात काहीच चाललेलं नव्हतं. मिस्त्रींनी त्याला बघू दिलं.

मग पाचर वही घेऊन आली. वहीत शेवटी एक पान होतं, 'इतरांची मदत'. तिथे तिने आत्याचं नाव लिहिलं होतं, बाईंचं लिहिलं होतं, आणि खाली जागा सोडली होती. "हे तुम्ही लिहायचं आजोबा. बाई म्हणाल्या, ज्याने केलं त्यानेच लिहावं."

मिस्त्रींना लिहायचा सराव आकड्यांचा. अक्षरांना त्यांना वेळ लागला. त्यांनी लिहिलं: 'मी न विचारता उजवे दोन पाय कापले. ते बरोबर होते.' खाली सही केली आणि सहीखाली, गरज नसताना, एक सरळ रेघ मारली.

बारा वाजून वीस मिनिटांनी परीक्षक पंधराव्या चौथऱ्यापाशी आले. उंच, कमी बोलणारे गृहस्थ, चष्मा कपाळावर. सगळं घर भिंतीला पाठ लावून ओळीत उभं राहिलं. पाचरने सुरुवात केली तेव्हा तिचा आवाज कापत होता. घडीपर्यंत आली तेव्हा तो स्थिर झाला. पुठ्ठ्याची सात स्टुलं, कुठलं कशासाठी टाकून दिलं, चौदा कसे आले. मग थोरली बसली. डावा पाय लांब सोडला, उजवा दाबला, जणू समोर मशीन आहे. तिच्या खाली घडी नव्हती आणि पाठ ताठ होती. भिंतीशी उभ्या असलेल्या तिच्या बापाने सहा वर्षांत पहिल्यांदा आपली लेक सरळ बसलेली पाहिली.

"आता सांगा," परीक्षक म्हणाले.

"आता कुठेच नाही," थोरली म्हणाली. त्यांनी कुठे दुखतंय असं विचारलेलंच नव्हतं, पण ते कोणाच्या लक्षात आलं नाही.

परीक्षक वाकले आणि त्यांनी उजव्या पायांच्या काळ्या टोकांवर बोट ठेवलं. "हे काय? आराखड्यात नाही."

पाचरने सांगितलं. सगळं, काहीही न गाळता, आणि कोणाला वाईट ठरवून नाही. "जोड लपवता आला असता," ती शेवटी म्हणाली, "पण मग ते पहिल्यापासून तसं होतं असं वाटलं असतं." परीक्षकांनी वही उघडली, शेवटचं पान वाचलं, पुन्हा वाचलं, आणि चष्मा डोळ्यांवर घेऊन ओळीत उभ्या असलेल्या माणसांकडे पाहिलं. "न विचारता कापणारे आपण?"

"मी," मिस्त्री म्हणाले.

"आपण कारागीर आहात. मला सांगा, हे असं स्टूल तुमच्या दुकानातून बाहेर गेलं असतं?"

"नाही," मिस्त्री म्हणाले.

पाचरच्या आईने डोळे मिटले. धाकट्याच्या मुठी वळल्या. पाचरने मान खाली घातली.

"गेलं नसतं," मिस्त्री म्हणाले, "कारण ते आमच्याकडे बनलंच नसतं. आमच्याकडे बुडबुडा मधोमध आला की काम झालं. बसणाऱ्याला काय होतंय ते विचारायची अक्कल आमच्या दुकानात नव्हती, साहेब. ही तिने शाळेतून आणली." मग ते जरा थांबले, कारण पुढचा शब्द त्यांनी आजवर वापरला नव्हता आणि तो नीट बसेल की नाही याची त्यांना खात्री नव्हती. "उत्तम आहे."

परीक्षकांनी वहीत काहीतरी लिहिलं, पाचरकडे पाहून एकदा मान हलवली आणि ते सोळाव्या चौथऱ्याकडे गेले. पाचर तिथेच उभी राहिली. गुणांचं तिला काही सुचतच नव्हतं. ती आजोबांकडे बघत होती, आणि आजोबा नेमके तेव्हा छताकडे बघत होते.

दुपारी सभागृह सगळ्यांसाठी उघडलं. आईबाप आले, शेजारीपाजारी आले, दुकानाची जुनी गिऱ्हाइकंही आली. थोरली स्टुलावरून उठायला तयार नव्हती, त्यामुळे लोक तिथेच गर्दी करत होते. धाकटा चहाचा पेला घेऊन परत आला तेव्हा त्याला दुरूनच बापाचा आवाज ऐकू आला. मिस्त्री चौथऱ्याशेजारी उभे होते, छाती पुढे, हात मागे बांधलेले, आणि एका अगदी अनोळखी जोडप्याला वाकायला लावून स्टुलाचा तळ दाखवत होते.

"ते काळं दिसतंय ना खाली? ती माझी चूक," ते सांगत होते. "वरचं सगळं माझ्या नातीचं."

जोडपं कौतुकाने बघून पुढे गेलं. मिस्त्रींनी मागच्या माणसाला हाताने जवळ बोलावलं आणि पुन्हा सुरुवात केली. या खेपेला आवाज आणखी चढा होता.